ज्येष्ठांच्या गळ्यातलं बटण आणि पालिकेचं टेंडर : पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

सांगली, मिरज, कुपवाड, तिन्ही ठिकाणी असं घर शोधावं लागत नाही : दोघं म्हातारी, नाहीतर एकटीच आजी, आणि पोरं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. अशा घरासाठी गळ्यात किंवा मनगटावर घालायचं एक बटण मिळतं. पडलं, छातीत कळ आली, दाराशी अनोळखी माणूस आलं की ते दाबायचं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी बोलतं आणि मदत निघते.

कुणी खासगीत हे विकत घेतलं तर तो त्या घरापुरता व्यवहार. पण महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद अशी योजना आणते तेव्हा पैसा सगळ्यांचा असतो, आणि टेंडर निघतं. हे टेंडर ज्यांना पहिल्यांदाच वाचायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे : ज्येष्ठ नागरिक संघाचे नवे पदाधिकारी, नवखे नगरसेवक, वार्ताहर, आणि स्वतः बोली (म्हणजे आपला दर आणि कागदपत्रं) भरायची हिंमत करणारा एखादा स्थानिक उद्योजकही. माझं सांगणं एकच आहे. या टेंडरमधला न्याय-अन्याय लिफाफे उघडायच्या कितीतरी आधी, अटी लिहिताना ठरतो. तुमचा वेळ आणि जोर तिथे लावा.

१. विकत काय घेतलं जातंय, ते आधी ओळखा

बटण हा योजनेतला सगळ्यात ठळक दिसणारा आणि सगळ्यात स्वस्त भाग. बटण दाबलं की ते रेडिओ लहरींनी घरातल्या पेटीला कळवतं. पेटीत सिमकार्ड, बॅटरी, माइक आणि स्पीकर असतो. ती प्रतिसाद केंद्राला फोन लावते. केंद्रातला माणूस विचारतो, "आजी, काय झालं?" उत्तर आलं तर त्याप्रमाणे, नाही आलं तर आधी शेजारी, मग मुलगा-सून, गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका. काही बटणांत सिम आतच असतं, पेटी लागत नाही. पण मग ते रोज किंवा दोन-चार दिवसांनी चार्ज करावं लागतं, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाकडून ते होईलच असं नाही.

आता टेंडरचं शीर्षक बघा. 'साहित्य पुरवठा करणे' असं असेल आणि खाली एक हजार नग, एक वर्ष हमी एवढंच असेल, तर पालिका पेट्या विकत घेतेय, सेवा नाही. अशा टेंडरमध्ये पेट्या आयात करून विकणारा सहज जिंकतो. ज्याने रात्रपाळीच्या माणसांचा पगार धरून दर काढला, तो महाग दिसतो आणि बाहेर पडतो. कुणी लाच दिली नाही, कुणी काही लपवलं नाही, तरी स्पर्धा वाकडी झाली. म्हणून पहिली मागणी ही करायची : दर 'प्रति ज्येष्ठ, प्रति महिना' असा मागवा. त्यात उपकरण, बसवणं, दुरुस्ती, सिम आणि चोवीस तासांचं केंद्र हे सगळं धरलेलं असू द्या, आणि करार निदान तीन-चार वर्षांचा करा.

'१४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक आहेच की' असं कार्यालयात ऐकायला मिळेल. तो आहे आणि चांगला आहे. पण तो माहिती, सल्ला, पेन्शनच्या अडचणी, छळाच्या तक्रारी यांसाठी. न्हाणीत पडलेल्या माणसाला फोनपर्यंत पोचताच येत नाही, आणि बटणाची गरज नेमकी तेव्हाच लागते.

ब्रिटनमध्ये स्थानिक परिषदा अशा सेवा कित्येक दशकं चालवतात. तिथे सध्या जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारा बंद करून डिजिटल लाइन आणण्याचं काम चालू आहे, आणि ते संपवण्याची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. पुढे ढकलण्यामागचं एक मोठं कारण हेच, की जुन्या लाइनवर चालणारे ज्येष्ठांचे अलार्म नव्या लाइनवर बंद पडण्याचा धोका होता. आपल्याकडे तारेचा प्रश्न नाही, पण टूजीचा, म्हणजे जुन्या मोबाइल नेटवर्कचा, आहे. फक्त टूजीवर चालणारी पेटी आज स्वस्त पडेल. करार संपायच्या आत नेटवर्क गेलं तर ती कोण बदलून देणार, हे टेंडरमध्ये लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर एक जण तो खर्च दरात धरतो, दुसरा धरत नाही, आणि आपण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत बसतो.

२. कागद हातात घ्या

महाराष्ट्रातल्या बहुतेक ई-निविदा महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर निघतात. चालू निविदा बघायला आणि कागदपत्रं उतरवून घ्यायला लॉगिन लागत नाही. चित्रातली अक्षरं टाइप केली की फाइल उतरते. काही खरेदी जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर होते, तिथल्या बोलीही कुणालाही बघता येतात.

निविदा क्रमांक टिपून ठेवा आणि पाच तारखा वहीत लिहा : प्रसिद्धी, बोलीपूर्व बैठक, शंका पाठवण्याची शेवटची तारीख, बोली बंद, तांत्रिक लिफाफा (पात्रतेच्या कागदांचा, दराचा वेगळा असतो) उघडणे. फाइल त्याच दिवशी उतरवा. नंतर शुद्धीपत्रक निघतं आणि एखादी अट गुपचूप बदलते. मूळ प्रत जवळ असेल तरच ते दाखवता येतं. शुद्धीपत्रकाने अट सैल झाली पण मुदत वाढली नाही, तर तिथे थांबून विचार करा. ज्याला बदलाची आधीच कुणकुण होती, त्यालाच तीन दिवसांत बोली भरता येते.

राज्याची खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू झाली आणि पुढे तिच्यात दुरुस्त्या झाल्या. टेंडरमध्ये कुठल्या शासन निर्णयांचा आधार दिलाय ते बघा आणि ते निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून काढून वाचा. त्याच्या जोडीला केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ हाताशी ठेवा. ते महापालिकेला थेट लागू होत नाहीत, पण त्यातला नियम १४४ वाद घालताना फार उपयोगी पडतो : मागणीचं वर्णन वस्तुनिष्ठ, कामाच्या स्वरूपावर बेतलेलं आणि मोजता येण्यासारखं असावं, ठरावीक ब्रँडकडे बोट दाखवणारं नसावं, असं तो सांगतो.

३. अटी वाचा, आणि प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा : ही अट काढली तर आजीचं काय नुकसान होईल? उत्तर 'काहीच नाही' असेल तर ती अट कुणासाठी तरी घातलेली आहे, किंवा कुठून तरी उचललेली आहे. परिणाम दोन्हीचा सारखाच.

समजा अट अशी आहे : 'निविदाकाराने महाराष्ट्रातील महानगरपालिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी वैयक्तिक अलार्म योजना किमान तीन वर्षे राबवलेली असावी.' वाचायला रास्त वाटते. पण असं काम राज्यात फारच थोड्यांनी केलेलं असणार. एखाद्यानेच केलं असेल तर टेंडर त्याच्याच नावावर निघालं म्हणायचं. तीच अट अशी लिहिता येते : 'चोवीस तास आपत्कालीन फोन घेऊन मदत पाठवण्याचे काम, कोणत्याही क्षेत्रात, किमान दोन वर्षे केलेले असावे, त्याचा पुरावा म्हणून करार आणि मासिक कॉल अहवाल जोडावेत.' आता रुग्णवाहिका सेवा चालवणारा येईल, रुग्णालयाचं फोन केंद्र चालवणारा येईल, आणि ज्याला रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाशी बोलायची सवय आहे तोच येईल.

अट पार सैल करणं हाही अन्यायच. 'इलेक्ट्रॉनिक उपकरणे पुरवण्याचा अनुभव' एवढंच लिहिलं तर सीसीटीव्ही आणि पथदिवे पुरवणारे रांगेत पुढे येतात. त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही, पण माणसाच्या हाकेला उत्तर द्यायचं काम त्यांनी कधी केलेलं नसतं.

उलाढालीची अट बघा. वर्षाचं काम वीस लाखांचं आणि उलाढाल मागितली दहा कोटींची, तर मिरज किंवा कुपवाड औद्योगिक वसाहतीतला लहान उद्योजक दारातच अडतो. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रकमेतून (बोलीसोबत भरायच्या अनामतीतून) सूट आहे. आपल्या टेंडरमध्ये उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्यांना काय सवलत दिलीय, आणि ती एका पानावर देऊन दुसऱ्या पानावर काढून तर घेतलेली नाही ना, हे तपासा.

उपकरणाच्या तपशिलात चोरी पकडणं सगळ्यात सोपं. वजन २८ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, रंग निळा, असं लिहिलं असेल तर ते कुणाच्या तरी माहितीपत्रकातून जसंच्या तसं उतरवलेलं आहे. नेटवर शोधा, नमुना सापडतो. रेडिओ लहरींचंही तसंच. युरोपात ज्येष्ठांच्या अलार्मसाठी ८६९.२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा राखीव आहे. भारतात कमी शक्तीच्या अशा उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. टेंडरमध्ये ८६९ चा आकडा दिसला तर तो परदेशी पत्रकातून आलाय हे नक्की, आणि नियम पाळून बनवलेलं देशी उपकरण त्याच अटीवर बाद होईल.

त्याऐवजी काय लिहायचं? ओल्या, साबण लागलेल्या, थरथरत्या हाताने दाबता यावं. बंद न्हाणीतून आणि अंगणातून पेटीपर्यंत पोचावं. पाण्यात पडलं तरी चालावं. वीज गेल्यावर पेटी किती तास चालावी, तो आकडा द्यावा. बॅटरी उतरली की पेटीने स्वतःहून केंद्राला कळवावं. केंद्रात मराठी बोलणारा माणूस असावा आणि बटण दाबल्यापासून किती सेकंदांत तो बोलला पाहिजे, तेही ठरलेलं असावं. यातल्या एकाही ओळीत कुणाच्या कंपनीचं नाव येत नाही.

सांगलीसाठी वीज आणि पुराची अट मी कधीच सोडणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागासकट अर्धं शहर पाण्यात होतं. ज्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला हाक मारायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी वीज जाते आणि मोबाइल टॉवर मान टाकतात. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर चालणारं सिम, पूररेषेबाहेरचं केंद्र, आणि इशारा पातळी आली की नदीकाठच्या नोंदणीकृत ज्येष्ठांना केंद्राने स्वतःहून फोन करणं, हे तिन्ही टेंडरमध्ये असू द्या. साताऱ्यात पाटण-जावळीकडच्या वाड्यांसाठी लिहिणार असाल तर पुराच्या जागी रेंजचा प्रश्न पहिला घ्या.

४. निवड कशी होणार, ते आधीच कागदावर हवं

सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं, की गुणवत्तेला काही गुण द्यायचे? या कामात गुणवत्तेला गुण हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गुण म्हटलं की पळवाटही आली. 'सादरीकरण : ३० गुण' एवढंच लिहिलं असेल तर निकाल समितीच्या खिशात. ते ३० गुण कशाकशाला किती, हे बोली मागवतानाच छापलेलं असलं पाहिजे.

पडद्यावरच्या सादरीकरणापेक्षा घरातली चाचणी मागा. गावभागातला एखादा जुना वाडा घ्या : हातभर जाडीच्या भिंती, मागच्या बाजूला न्हाणी, पितळी बंब, पाण्याने भरलेली बादली. दार लावून घ्यायचं, हात साबणाने ओला करायचा, हातात बांगड्या असलेल्या बाईने बटण दाबायचं आणि बाहेर घड्याळ लावून उभं राहायचं. माणसाचा आवाज किती सेकंदांनी आला? पेटी पुढच्या खोलीत असताना न्हाणीतलं बोलणं केंद्राला कळलं का? मग विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये आणि पत्र्याच्या एका घरात हेच करायचं. सगळ्या बोलीदारांची चाचणी त्याच घरांत, त्याच दिवशी, तेच प्रश्न विचारून घ्यायची. आकडे जागेवर लिहायचे, उपस्थितांच्या सह्या घ्यायच्या.

या चाचणीला ज्येष्ठ नागरिक संघाचे सदस्य असावेत. मात्र संघाने एखाद्या बोलीदाराकडून कार्यक्रमाला देणगी, फराळ किंवा मोफत आरोग्य शिबिर घेतलं असेल तर त्या संघाने बाजूला व्हावं. नियम अधिकाऱ्यांना लागतो तसा आपल्यालाही लागतो. समितीतल्या प्रत्येकाने 'माझा कुठल्याही बोलीदाराशी आर्थिक वा नात्याचा संबंध नाही' असं लिहून द्यावं.

५. वेळेत, लेखी आणि पोच घेऊन बोला

बोलीपूर्व बैठकीत बऱ्याचदा फक्त इच्छुक पुरवठादारांनाच बसू देतात. नागरिकाला आत घेतलं नाही तरी पत्र देता येतं. पत्र लहान ठेवा, आरोप करू नका, पर्यायी मजकूर सुचवा. असं :

'मा. आयुक्त साहेब, निविदा क्रमांक अमुक, पान अमुक, अट अमुक. या अटीमुळे सक्षम पुरवठादार बाहेर राहतील असे आम्हाला वाटते. त्याऐवजी पुढील मजकूर घ्यावा ही विनंती. बदल मान्य झाल्यास शुद्धीपत्रक पोर्टलवर प्रसिद्ध करून बोली भरण्यास मुदतवाढ द्यावी. अमान्य झाल्यास कारण लेखी कळवावे.'

पत्र आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांना भेटून तोंडी सांगितलं, त्यांनी मान हलवली, याला कागदावर काही किंमत नाही. आणि एका बोलीदाराच्या शंकेला दिलेलं उत्तर सगळ्यांना दिसलं पाहिजे, ही मागणी पुन्हा पुन्हा करा.

६. लिफाफे उघडल्यावर

बाद झालेल्या प्रत्येकाचं कारण पोर्टलवर दिसतं का बघा. एकाला 'कागद राहिला, दोन दिवसांत आणून द्या' म्हटलं आणि दुसऱ्याला त्याच कारणावरून बाद केलं, तर तो सरळ भेदभाव.

तीन बोली आल्या म्हणजे स्पर्धा झालीच असं समजू नका. तिन्हींचा पत्ता एका इमारतीतला आहे का, संचालक सामाईक आहेत का, पत्रांत एकसारख्या शुद्धलेखनाच्या चुका आहेत का, हे पाहा. संगनमताने बोली भरणं स्पर्धा अधिनियम, २००२ खाली गुन्ह्यासारखंच गंभीर धरलं जातं आणि स्पर्धा आयोग त्यावर मोठा दंड लावू शकतो.

फार कमी दराकडे तितक्याच संशयाने बघा. हिशोब सोपा आहे. आठवड्याचे १६८ तास. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे फोनची एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसं, रजा-आजारपण धरून चार ते पाच. एकाच वेळी दोन फोन आले तर म्हणून दोन खुर्च्या धरा : आठ ते दहा माणसं. त्यांचं किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, सिमचा खर्च, दुरुस्तीला फिरणारा माणूस एवढं जोडा, आणि बोलीतल्या महिन्याच्या एकूण रकमेशी ताडून बघा. रक्कम पगारालाच पुरत नसेल तर रात्रीचा फोन कुणी उचलणार नाही, किंवा तीच माणसं इतर पाच शहरांचे फोन घेणार. केंद्र सामाईक असायला हरकत नाही, पण तसं टेंडरमध्ये सगळ्यांना मोकळं ठेवलेलं हवं. दराचं पृथक्करण, म्हणजे कशाला किती धरले ते, लेखी मागवा, अशी विनंती आयुक्तांना करता येते.

७. काही खटकलं तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. तुलनात्मक तक्ता, समितीची इतिवृत्तं, गुणपत्रकं आणि चाचणीच्या नोंदी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला, तर बोलीदाराच्या तांत्रिक गुपिताबद्दल तसं म्हणता येईल, पण समितीने कुणाला किती गुण का दिले ते गुपित होऊ शकत नाही, हे अपिलात लिहा. लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, १०६४ वर.

न्यायालयात जायचं तर उशीर करू नका. १९७९ चा रमण दयाराम शेट्टी खटला यासाठी माहीत हवा. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचं टेंडर होतं. अट होती नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक असण्याची आणि पाच वर्षांच्या अनुभवाची. काम मिळालं ती अट पूर्ण न करणाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितलं की सरकारी यंत्रणेने स्वतः घातलेली पात्रतेची अट तिला स्वतःलाही बंधनकारक असते. तरीही ठेका रद्द झाला नाही, कारण अर्जदार उशिरा आला होता आणि तोवर ठेकेदाराने बराच खर्च केला होता. पुढच्या काळातही न्यायालयं निर्णयापेक्षा निर्णयाची पद्धत तपासतात. तुमच्याकडे तारखा आणि पोच असलेली पत्रं असतील तरच त्या पद्धतीतली चूक दाखवता येते.

८. कार्यादेशानंतर (काम सुरू करायचा आदेश निघाल्यावर), आणि पुढच्या टेंडरसाठी

दर महिन्याला काही घरांतून, न सांगता, चाचणीचं बटण दाबा. त्यातल्या निम्म्या चाचण्या रात्री घ्या. उत्तराला लागलेले सेकंद लिहा आणि ते आकडे देयक मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाठवा. दंडाची अट टेंडरमध्ये असते, पण नोंद कुणी ठेवत नाही म्हणून बिलातून दंड कापला जात नाही. बाकीच्या बोलीदारांवर हा सरळ अन्याय आहे : त्यांनी दंड पडेल या भीतीने जास्त माणसं धरली, दर वाढला, आणि ते हरले.

आणि सुरुवातीलाच घालायला लागते अशी एक अट, जिच्याकडे जवळपास कुणी बघत नाही. पेट्या फक्त त्याच ठेकेदाराच्या केंद्राशी बोलणाऱ्या असतील, फोन क्रमांक त्याच्या नावावर असेल, ज्येष्ठांची यादी, आजार आणि नातेवाइकांचे नंबर त्याच्या संगणकात असतील, तर करार संपल्यावर निघणाऱ्या टेंडरला दुसरा कुणी येऊच शकत नाही. म्हणून लिहून घ्या : केंद्राचा क्रमांक पालिकेच्या नावावर राहील; पेट्या दुसऱ्या केंद्राकडे वळवता येतील आणि त्यासाठी लागणारे पासवर्ड पालिकेकडे असतील; यादी पालिकेची राहील, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायद्याप्रमाणे जपली जाईल, आणि करार संपल्यावर ठेकेदाराच्या संगणकावरून पुसली जाईल; जुना आणि नवा ठेकेदार निदान दोन महिने एकत्र काम करतील. त्या दोन महिन्यांचे पैसे कोण देणार, तेही त्याच ओळीत लिहा, नाहीतर अडचणीच्या वेळी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि फोन वाजत राहील.